अर्धा नारळ, चार दिवस

शीव, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तुझ्या चाळीला मात्र सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. आम्ही तिघं मजेत. आरोहीचा पुढचा दात पडला. तो कौलावर फेकायचा असं तूच तिला शिकवलंस. आता सातव्या मजल्यावर मी कौल कुठून आणू?

एक बातमी. ह्यांनी गावच्या देवीला बोललंय, बढती मिळेपर्यंत घरात मासे-मटण बंद. तेव्हा मी शाकाहारी सुगरण व्हायच्या मागे आहे. तुझं काळ्या वाटाण्याचं सांबारं सविस्तर लिहून पाठव. अर्धा नारळ चार दिवस कसा पुरवायचा, तेही लिही. पनीर-बिनीर सांगू नकोस, आम्हाला आवडत नाही.

तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी दर्शना

लालबाग, ८ नोव्हेंबर

चि. सौ. दर्शनास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काळे वाटाणे रात्री भिजत घाल. शिजले की त्यातले मूठभर वाटणाबरोबर वाट. खोबरं निम्म्यात भागतं आणि रस दाट होतो. मुळ्याचा पाला टाकू नकोस, मूगडाळ घालून परत. आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी कर. माझ्या सासूने यावरच पाच पोरं वाढवली.

दीपकरावांचं मात्र नवल वाटलं. लग्नाच्या पंगतीत जिलबी परत करून बांगडा आहे का विचारणारा माणूस! पण आपल्यात एकाचा नवस तो सगळ्या घराचा. म्हणून मीही मासे सोडले. माया मासेवाली रोज दार वाजवते. परवा टोपलीतली मांदेली नुसती डोळे भरून बघितली. बघण्याने नवस मोडत नसावा.

आरोहीचा दात जपून ठेव. आमच्या पत्र्यावर फेकू.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्राची वाट बघते.

तुझी आई

शीव, १२ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मासे सोडलेस हे वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसले. आई, आजच मायाला हाक मार. नवस वगैरे काही नाही. ह्यांचं ऑफिस ऑगस्टमध्ये बंद झालं. मुलाखती चालू आहेत, पण अजून काही जमलेलं नाही. तुला कळलं तर तू हातातल्या पाटल्या मोडशील, म्हणून ह्यांनी मला शपथ घातली होती. घरखर्चात कुठे हात आखडायचा तर पहिला मासळीबाजारच दिसला. आरोही विचारेल, शेजारी विचारतील, म्हणून देवीचं नाव पुढे केलं.

देवीच्या नावाने खोटं बोलले आणि शिक्षा तुला झाली. सत्तरी उलटलेल्या बाईचं तेवढंच एक सुख होतं, तेही मी काढून घेतलं. खूप रडले गं.

रागावलीस तरी पत्र लिही.

दर्शना

लालबाग, १६ नोव्हेंबर

चि. सौ. दर्शनास,
अनेक आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा.

मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. नवसात मासे सुटतात बाळ, खोबरं सुटत नाही. अर्धा नारळ चार दिवस कसा पुरवायचा हे कोण विचारतं, ते गिरणीच्या संपात घर चालवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तू सांगशील तेव्हाच बोलायचं, असं ठरवून गप्प बसले. आणि तू पिठी-भात जेवत असताना मला इथे मांदेली गोड लागली असती का?

देवीचं नाव मात्र घेतलंस, ते तसंच सोडायचं नाही. काल मी देवीपुढे नारळ ठेवून तोच नवस खरा बोलले. फक्त बढतीच्या जागी नोकरी म्हटलं. एवढी दुरुस्ती ती चालवून घेईल. नोकरी लागली की पहिला बांगडा मी माझ्या हाताने तळणार. दीपकरावांना म्हणावं, सासूला मासे खायचे आहेत, जरा मनावर घ्या. पाटल्यांना हात लावत नाही, ही माझी शपथ.

शेजारची मनू शीवला कामाला येते. तिच्या हाती हे पत्र आणि देवीपुढच्या त्या नारळाची एक वाटी पाठवते आहे. ही चार दिवस पुरवायची नाही. आजच सगळी सांबाऱ्यात घाल.

माझी मायाही तशीच, पुरवून पुरवून वापरू नकोस.

तुझी आई
अंबिका