आमच्या जीपचा कण्हण्याचा आवाज आणि समोरचा खंडोबा

चिंचवड, १७ सप्टेंबर १९७८

प्रिय गुरुदत्तभाऊजी यांस,

शालनवहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. तेल रोज लावता, की बाटली नुसतीच उशाशी ठेवून झोपता? (पद्माला वेगळे विचारणार आहे, तेव्हा खरे ते लिहा.) मी बरी आहे. बरी म्हणजे जेवते, झोपते, वाचनालयाची पुस्तके वेळेवर परत करते. त्यापुढचे विचारू नका.

तुम्ही लिहिलेत की, दसऱ्यापर्यंत जीपचा आवाज गेला नाही तर खेडचे गिऱ्हाईक घेऊनच येतो, बाईमाणसाने असले धूड कशाला सांभाळायचे. तुमचे अगदीच चूक नाही. पण आवाज करते म्हणून वस्तू घराबाहेर काढायची, तर तुमच्या भावालाच आधी काढावे लागले असते. त्यांचे घोरणे तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. म्हणून मी दुरुस्तीच्या मागे लागले, आणि त्यात पाच महिने गेले.

हे गेल्यावर गाडी आठ महिने पत्र्याखाली उभी होती. पाडव्याला श्यामने ती बाहेर काढली. (तो कंपनीत हजेरीच्या टेबलावर बसतो, आणि गाडी शिकला तीच मुळी वडील गेल्यावर.) निघोज्याच्या शेताकडे निघालो आणि पुढून बारीक सूर लागला. दळण संपल्यावर गिरणी रिकामी फिरते ना, अगदी तसा. वेग वाढवला की सूर चढायचा. वळणावर स्टीअरिंग इतके जड, की श्याम अर्धा उभा राहून ते ओढायचा आणि मी उगीच दार धरून त्याला मदत करायची.

चिंचवडात माणसाला डॉक्टर मिळायला वेळ लागेल, गाडीला नाही. शेजारचे अर्जुनराव गिअर बनवतात. त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वहिनी, गिअर असा रडतच नाही. बेअरिंग गेलंय." समोरचा सुरेंद्र बेअरिंगच्या कारखान्यात. तो म्हणाला, "राव, आधी तुमच्या गिअरचे दात मोजा, मग आमच्याकडे या!" दर रविवारी दोघे गाडीखाली आडवे होऊन भांडायचे आणि मी वरून चहा द्यायची. एकाचे म्हणणे पटले असे दाखवले, की दुसरा पोह्यांना हात लावत नसे. शेवटी आकुर्डीच्या भीमराज मिस्त्रीकडे गाडी दिली. तो ट्रकचा माणूस. त्याने लांब पेचकस कानाला लावून इंजिन ऐकले, तेल बदलले, बेअरिंगही बदलले. (मी घरी लाटणे लावून ऐकून पाहिले. मला माझाच कान ऐकू आला.) पाच दिवसांनी गाडी परत आली ती त्याच सुरात, आणि हॉर्न मात्र बंद. भीमराज म्हणाला, "आक्का, मशीन हाय. वय झालं की कण्हायचंच."

मागच्या रविवारी मी गाडी पुसत होते. आत काचेखाली, समोरच्या पत्र्यावरच्या खंडोबाच्या तसबिरीचा कोपरा ओलीने सुटला होता. गाडी घरात आली त्या दिवशी, पूजेच्या वेळी, रिकामी जागा बघून मीच तो खळीने चिकटवला होता. आता कळले की जागा रिकामी नव्हती. खाली धातूची पट्टी होती, वर इंग्रजी अक्षरे. मी सव्विसाव्या वर्षी वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवर. हे म्हणायचे, "शालन, साखर ओतून घे आधी, बातमी कुठं पळत नाही." तेव्हापासून अक्षर दिसले की सोडवत नाही. त्यांचा शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळी बसले. पट्टीवर लिहिले होते की, गिअरच्या दांड्याशेजारचा हा बारका दांडा मागे ओढला की पुढची चाकेही जोर लावतात. तो चिखलापुरताच वापरावा, पक्क्या रस्त्यावर सोडवावा.

दांडा मागे ओढलेलाच होता. तिघेही मिस्त्री काम सुरू करताना खंडोबाला हात जोडत होते. देवाच्या मागे बघायचे कुणाला सुचणार?

मग मला आठवले. गेल्या श्रावणात ह्यांनी निघोज्याच्या चिखलातून एकट्याने गाडी काढली, घरी आले, चहा घेतला आणि जरा पडतो म्हणाले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. उठले असते, तर दांडा सकाळी सोडवला असता.

श्याम म्हणाला, "आई, ढकल की पुढं." मी दोन दिवस आज एकादशी, उद्या पाहुणे असे सांगत टाळले. तिसऱ्या दिवशी दांडा सैल पडावा म्हणून त्याने गाडी चार हात मागे घेतली आणि मी दांडा पुढे ढकलला. आधी हलेना, मग खट्‌कन सुटला. महाळुंग्यापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही. बाजरीतले पक्षी ऐकू येत होते आणि श्यामचे पोटही. अर्जुनराव आता सांगत फिरतात, की त्यांना दांड्याची शंका पहिल्यापासून होती.

पद्मास व मुलांस आशीर्वाद.

तुमची,
शालनवहिनी

ता. क. गिऱ्हाईक आणू नका. तुम्ही मात्र या. दसऱ्याला श्यामची कंपनीत पहिली पाळी आहे, म्हणून स्टेशनवर तुम्हाला न्यायला मीच जीप घेऊन येणार आहे. तीन दिवस झाले, शेतात शिकते आहे. एक बांध पडला, तो तसाही जुना होता. गुडघ्याचे तेल बरोबर असू द्या.

आणखी एक. आवाज पुरता गेला, हे तितकेसे खरे नाही. शेताच्या कच्च्या वाटेला लागले की विहिरीपर्यंत मी तो दांडा मागे ओढून ठेवते. चिखल नसला तरी. श्यामला सांगू नका.