कुंपणाखालचा उतार

हेझल क्रीक, केंटकी
मंगळवार, २ जून १९८७

प्रिय लोरेटा,

पप्पांचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक. तू लावलेल्या सफरचंदाला यंदा फळ धरलंय. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधूनच फोन करू नकोस.

"मला होझीयाशेजारी ठेवा," एवढंच पप्पांनी आपल्याला सांगून ठेवलंय. तू म्हणतेस, टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत गाडी चढत नाही, तुमच्या गावातलीच जागा बरी. मी म्हटलं होतं, पणजोबा होझीयाच्या थडग्याच्या दगडाशेजारची जमीन आधी तपासतो.

रविवारी डेकोरेशनचा दिवस. सगळे फुलं आणि जेवणाचे डबे घेऊन थडग्यांवर आलेले. मी लोखंडी सळईसुद्धा नेली. जन्मभर विहिरी खणल्यात. एकदा उकरलेली माती शंभर वर्षांनीही सळईला वाट देते, हे मी कुठल्या शाळेत शिकलेलो नाही. होझीयाच्या दगडापुढे सळई वीतभरही शिरली नाही. चहूबाजूंनी टोचून पाहिलं. लोरेटा, त्या दगडाखाली कुणी नाही. कधी नव्हतंच. आपण पिढ्यान्पिढ्या कोऱ्या जमिनीला फुलं वाहिली.

कुंपणाखाली निळ्या फुलांच्या वेलींनी झाकलेला उतार आहे ना, काळ्या कुटुंबांच्या थडग्यांचा? तिथून हसू आलं. म्हातारी मिस अर्मिंटा, घडीच्या खुर्चीत, हातात कोंबडीची तंगडी.

"काय रे वेंडेल, तेल लागलं का?"

"पणजोबांना शोधतोय."

"मग कुंपणाच्या भलत्याच बाजूला भोसकतोयस. इकडे ये. आधी टोपी काढ."

वेलींत दोन ओबडधोबड दगड, अगदी खेटून. "हा होझीया, ही त्याची केझाया. माझ्या आईचे आईबाप. तो गोरा, ही काळी; कायद्यानं लग्न लावू दिलं नाही, म्हणून त्यानं सांगून ठेवलं, मेल्यावर तरी आम्हाला वेगळं करू नका. माझी आई इथंच राहिली. धाकटा एमस गोरा निपजला, तो खाली गावात गोऱ्या चुलत्याकडे वाढला. वरचा दगड त्यानंच उभा केला. लोकांना दाखवायला."

एमस म्हणजे आपले आजोबा. हे वाक्य मी लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

सळई मी गवतात ठेवली. तिथे टोचून बघायची माझी छाती झाली नाही. दोन्ही दगडांमध्ये पिओनीच्या फुलांची ताजी जुडी होती.

"तुझा बाप यंदा आला नाही, म्हणून त्याच्या वाटची मीच ठेवली," ती म्हणाली. "दरवर्षी पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरतो, फुलं ठेवतो, उभा राहतो. तो बोलत नाही, मी विचारत नाही."

आठवतं तुला? पप्पा एक जुडी नेहमी मागे ठेवायचे. आई विचारायची, ही कुणाची? ते म्हणायचे, उरली.

पप्पांसाठी मी तिथे जागा मागितली.

"जागा आहे. पण बहिणीला विचारून ये. अर्ध्या घराच्या होकारावर आम्ही कुणाला ठेवून घेत नाही."

"बरं, मिस अर्मिंटा."

"मिस काय, मिस! तुझ्या बापाची आतेबहीण आहे मी."

तुमच्या चर्चमध्ये लोक काय म्हणतील, ते मी विचारत नाही. तू फक्त पप्पांजवळ बस आणि एवढंच विचार: कुंपणाच्या वर, की खाली? ते सांगतील. मग मला कळव. वेलींना धक्का न लावता मी वाट रुंद करायला घेतलीय, गाडी चढेल एवढी.

आत्यानं तुझी चौकशी केलीय.

तुझा भाऊ,
वेंडेल