सोंगाड्याला नाव विचारत नाहीत

२४ फेब्रु., मंगळ.
माझ्या शब्दांच्या सदराचा या आठवड्याचा शब्द: सोंगाड्या. होळीआधी छापायचा. कोशात 'सोंग घेणारा, नकलाकार' एवढंच. त्यावर चारशे शब्द कसे ओढायचे? यांना विचारलं. पेपरमागून उत्तर, "उदाहरण देतो, घे. माझा मोठा भाऊ."
पुतणीच्या लग्नात व्याह्यांच्या स्वागताला यांना पुढं बोलवायचं राहिलं. तेव्हापासून आमचं अंबरपेठ आणि त्यांचं मलकपेठ, बोलणं बंद. एवढंसं अंतर, पण...

२६ फेब्रु., गुरु.
मलकपेठला जाऊबाईंना फोन. आम्हा दोघींचं गुपचूप चालू असतं. म्हणाल्या, "अगं, गावाकडं धुळवडीला मुखवटे लावून घरोघर हिंडायचे, ते सोंगाडे. शिवी कुठली? मान होता त्यांना. दारात आला की 'या' म्हणायचं. ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही. अबोला असलेल्या घरी तर मुद्दाम जायचे. तुझ्या नवऱ्याला विचार की, तोही हिंडलाय."
एका बैठकीत लिहून पाठवलं. अबोल्याचं वाक्य कापू नका, असं संपादकांना बजावलं.

१ मार्च, रवि.
छापून आलं. वाक्य शाबूत. यांनी वाचलं. पेपराची घडी घालत, "मी अस्वल व्हायचो. दादानं शेपूट शिवलेलं. अस्वलाला शेपूट नसतं म्हटलं, तर ऐकेना." हसले. हसल्याचं लक्षात आलं तसे पिशवी घेऊन भाजीला गेले.
'दादा' म्हणाले. किती दिवसांनी.

३ मार्च, धुळवड
सकाळी दारात वाघ. पुठ्ठ्याचा मुखवटा, खाली इस्त्रीचा शर्ट. उजवा गुडघा मोठ्या भाऊजींचाच, आखडलेला. मागून ऑटोवाला, "साब, शेर कू छोड़के जाऊं के ठैरूं?"
हे उंबऱ्यात. मी कणकेच्या हातांनी मागं. आता दार लावतात की काय...
"या," हे म्हणाले. मग ऑटोवाल्याला, "तुम जाओ मियां."

आता दोघं बाहेरच्या खोलीत. एक शब्द नाही. चहा ठेवून आले. मुखवटा काढल्याशिवाय पिता यायचा नाही. इथून डोकावले तर यांनी वाघाच्या कपावर बशी झाकलीय, गार होऊ नये म्हणून.