ऋषिपंचमीची खर्पुडी

पिंपळवंडी, भाद्रपद शु॥ ६, शके १८२९

रा. रा. चांदमलशेठ यांस बालमित्र हौशीराम याचा सा. न. वि. वि.

काल ऋषिपंचमी झाली. त्या दिवशी आई बैलाच्या कष्टाचे खात नाही, म्हणून दर साली डोंगरावरून खर्पुडीचे कंद येतात, हे तू जाणतोसच. यंदा आळीतल्या बायका आणि मी दिवसभर डोंगर पालथा घातला. एक वेल दिसली नाही. आई उपाशी निजली. तिला वाटते, तिच्या हातून काही पाप घडले म्हणून वेल रुसली. साठीची बाई लहान पोरीसारखी रडली, मला पाहवेना. तुमच्या घोडेगावाकडे कुठे मिळाली तर कंद पाठव. तुझ्या आईंना, झमकूबाईंना दंडवत. मैत्री आहे तशीच राहू दे.

घोडेगाव, भाद्रपद शु॥ १२

प्रिय हौशीराम यास चांदमलचा सप्रेम जयजिनेंद्र. वि. वि.

संवत्सरी नुकतीच झाली. वर्षभरात तुझे मन दुखावले असेल तर खमतखामणा, क्षमा कर. आणि लगेच पुन्हा दुखावतो: कंद पाठवणार नाही.

वेली आहेत. आमच्याच परसात, निवडुंगाच्या कुंपणात, चांगल्या सात-आठ. आम्ही जमिनीखालचे खात नाही, त्यामुळे तिथे कधी कुदळ पडली नाही. त्यांना आत्ता कुठे फुले आली आहेत. अरे शाळामास्तर, तुलाही कळू नये? बी धरायच्या आधीच सारे गाव दर साली कंद खणते. मग पुढे उगवायचे कशातून? तुझ्या आईंना, धोंडाबाईंना सांग, वेल रुसली नाही, लेकरे व्हायच्या आतच आपण तिला खाल्ले. जरा गोड करून सांग. शेंगा वाळल्या की आई बी पाठवणार आहे. लोभ उणा होऊ देऊ नकोस.

पिंपळवंडी, भाद्रपद शु॥ ५, शके १८३०

चांदमल यास सप्रेम न. वि. वि.

तुझे ते पत्र वाचून दाखवल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बी कधी येनार ते इचार. तुझी पुरचुंडी आली, ती तिने ज्येष्ठापर्यंत उतरंडीत जपली आणि स्वतः डोंगरावर टोकली. एकवीस वेली उगवल्या. पाच भिकाच्या शेळ्यांनी खाल्ल्या, आणि भिकाने आईच्या शिव्या खाल्ल्या.

आज सकाळी बायका कुदळी घेऊन निघाल्या, तर आई वाटेतच बसलेली. म्हणाली, लई खाल्ली आपण तिला, आता भोपळा खा. भोपळा परसातला, हाताने खणलेल्या आळ्यातला, बैलाचा संबंध नाही. बायका कुरकुरत परतल्या. मग तिने वेलीपुढे हात जोडले आणि तुमच्या रीतीने क्षमा मागितली. मला भरून आले रे. घरी येऊन ती पोटभर जेवली.

झमकूबाईंना तिचा निरोप आहे: तुमच्या कुंपणातली वेल कधी गेलीच, तर बी आमच्याकडून मागायला लाजू नका.

तुझा,
हौशीराम