सहातला एक हिस्सा

मी, ट्रेव्हर हॅलम, वय चौऱ्याहत्तर, मूळचा इंग्लंडातल्या रॉदरहॅमचा, पेशाने फरशी बसवणारा, हल्ली मुक्काम डोल्नो ओरेहोवो, बल्गेरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या गावात माझ्याकडून काही लिहून घ्यावे असे कोणाला कधी वाटलेच नाही.

१. घर. रॉदरहॅममध्ये मोटारीचे गॅरेजही आले नसते तेवढ्या पैशांत मला इथे दोन खोल्या, विहीर आणि अंगणात अक्रोडाचे झाड मिळाले, असे मी नऊ वर्षांपूर्वी मुलीला फोनवर ओरडून सांगितले होते. ते खरे नव्हते. घर गेन्चो नावाच्या एकट्या माणसाचे. तो वारल्यावर सहा भावंडे वारस झाली. पाच जणांनी विक्रीच्या कागदावर सह्या दिल्या. सहावी, स्तोयांका, मागच्याच घरात राहते. एजंट मित्को म्हणाला, "ती काय, पुढच्या आठवड्यात करेल. तुम्ही बिनधास्त राहायला या हो!" मी आलो. मित्कोने माझ्या दफनाला येऊ नये.

२. हत्यारे. फरशी कापायचे यंत्र आणि ओळंबा माझी मुलगी लिंडसे हिला. ती वापरणार नाही, तरी विकू नये. थापी मात्र माझ्याबरोबर पुरावी, कारण सगळा घोटाळा तिने केला. राहायला आलो त्याच आठवड्यात फाटकावर एक कागद चिकटलेला दिसला, फोटो आणि खाली चार ओळी. मला वाटले जुनी जाहिरात. थापीने खरवडला आणि फाटक निळे रंगवले. इथे माणूस गेला की त्याचा कागद त्याच्याच फाटकावर लागतो, आणि तो वारा-पावसानेच काढायचा असतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. गेन्चोचे वर्षश्राद्धही व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी स्तोयांका सहीला जायची म्हणून चांगला डगला घालून आली, फाटक पाहिले आणि परत गेली.

त्यानंतर दर शरद ऋतूत मी राकियाची, म्हणजे इथल्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन तिच्या दारात.

"बाई, सही?"

"कसली सही? अक्रोड पडलेत, वेचू लाग."

सहावा हिस्सा सोडा, सगळे अक्रोड तीच नेते. बोललो तर म्हणते, "मोजत बस तू."

गुडघे गेले तेव्हा घर विकून लिंडसेजवळ जावे असे ठरवले. दोन गिऱ्हाइके घराचे कागद पाहून पळाली. मी इथे अडकलो. याचा मला संताप आहे आणि तो मेल्यावरही चालू ठेवण्याचा विचार आहे. ती सही का करत नाही ते कळले दोन वर्षांपूर्वी. "गेन्चोला दारातून हाकललंस," ती म्हणाली. "वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस रे, इंग्रजा!" मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. सही केली नाही.

३. माझे पाच हिस्से स्तोयांकाला द्यावेत. लिंडसे फोनवर म्हणाली, "बाबा, देऊन टाक एकदाचं. मला ते भांडण नको."

४. माझा कागद याच फाटकावर लावावा. फोटो टोपीतला, पासपोर्टातला नव्हे.

५. हे आज सकाळी वाढवले. पोस्टमन इलिया साक्षीदार म्हणून आला. दुसरा मिळेना. स्तोयांका अक्रोड वेचता वेचता आत आली आणि म्हणाली, "आण, मी करते."

"बाई, ज्याला मिळायचं त्याने साक्ष द्यायची नसते. तू सही केलीस तर कलम तीन बुडालं."

"बुडू दे. माझ्याच भावाचं घर तुझ्याकडून फुकट घेऊ होय? पोरीला दे."

"आणि तुझा हिस्सा?"

"तो माझा. तू आधी मर, मग बघू."

मग तिने कलम चार मला दोनदा वाचायला लावले. "कागद मी लावीन," म्हणाली. "कोणी हात तर लावून दाखवू दे."

सबब कलम तीन रद्द. पाचही हिस्से लिंडसेला.

स्थळ: डोल्नो ओरेहोवो. १२ ऑक्टोबर २०२४.

सही: ट्रेव्हर हॅलम

साक्षीदार: इलिया पेत्कोव्ह

साक्षीदार: स्तोयांका मारिनोवा

(हीच ती सही. नऊ वर्षे मागत होतो. मिळाली ती भलत्याच कागदावर.)