फुंकलं

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. नमस्कार.

तू बरा असशील. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त. वहिनीला आठवण सांग. धाकटीचे पुढचे दात आले का?

फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला बोलायला सुचणार नाही, म्हणून पत्र. नऊ वर्षांनी लिहितेय आणि तेही कामासाठी. राग आला तरी पत्र फाडू नकोस.

गेल्या महिन्यात मी कागद कारखान्यात देखभाल प्रमुख म्हणून रुजू झाले. हो, त्याच कारखान्यात, तुझ्याच बॉयलरवर. अपघातानंतर त्यांनी नळ्यांवरची काजळी उडवणारी वाफेची फुंकणी कायमची बंद केली. तेव्हापासून वर्षातून दोनदा बॉयलर थंड करायचा आणि माणसांनी आत शिरून ब्रशने काजळी खरवडायची, असं चाललंय. मधल्या काळात नळ्यांवर बोटभर थर चढतो. पाण्याला मिळायची ती उष्णता धुराड्यातून वर जाते आणि कोळसा खाऊन खाऊन बॉयलरचं पोट काही भरत नाही.

आता साहेबांना एक पद्धत निवडून हवी आहे. ब्रश चालू ठेवायचा, जुनी फुंकणी दुरुस्त करायची, की आवाजाचा भोंगा बसवायचा? भोंगा दर दहा मिनिटांनी घुमतो आणि त्या हादऱ्याने काजळी झडते म्हणे. भोंगेवाल्यांचा माणूस इतकं गोड बोलतो की मला शंकाच येते. तुझ्याइतकं या बॉयलरला कुणी ओळखत नाही. तुला काय वाटतं?

जुन्या गोष्टींबद्दल मी काही लिहीत नाही.

तुझी लहान बहीण,
चिमणी


११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, पण ‘घरसणं’ कुठे सापडलं नाही. ‘घसरणे’ हा शब्द तुला कधी सरळ लिहिता आला नव्हता. ‘जिन्यावरून घरसले’ म्हणून शाळेत चिठ्ठी दिली होतीस, आठवतं? मोठी झालीस म्हणायची. ‘चिमणी निघाली चिमणी साफ करायला,’ असं तुझी वहिनी म्हणाली. पोरी हसून लोळल्या. दात आलेत, वाकडे.

मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो. त्यांना काजळी नसते.

कामाचं सांगतो. मागच्या भागात काजळी कोरडी, भुकटीसारखी असते. तिथे भोंगा चालेल. भट्टीजवळ ती चिकटून बसते, तिथे वाफच पाहिजे. ब्रश बंद कर, ती धूळ माणसांच्या छातीत जाते. पण वाफ कोरडी हवी. ओली गेली तर काजळीचा चिखल होतो, तो भाजून सिमेंटसारखा बसतो, आणि पाण्याचे थेंब नळी कापतात. फुंकणीकडे जाणाऱ्या पाइपाच्या वाकणाखाली एक तोटी आहे. ती कायम किंचित उघडी ठेवायची, म्हणजे साचलेलं पाणी टपकून जातं. आधी ती बघ.

जुन्या गोष्टींबद्दल तू लिहीत नाहीस, तर मी लिहितो. चौकशीत मी सांगितलं होतं की प्रत्येक पाळीत फुंकलं. वहीतही तसंच आहे. पण सगळे म्हणाले, काजळी काढली नाही म्हणून नळी तापून फुटली. खाली पंप सांभाळणारे पंपवाले भाजले, माझा परवाना गेला. नऊ वर्षं विचार करतोय. आता मलाही वाटतं, न फुंकताच लिहिलं असेल. माणूस दमतो. तेव्हा फुंकल्याचं आठवत होतं, आता नाही आठवत.

मनावर घेऊ नकोस. आईला जप.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

आज वरचा मायना लिहीत नाही. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून वाचून घे.

तू फुंकलं होतंस. प्रत्येक पाळीत. हे पहिल्यांदा वाच, मग बाकीचं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बॉयलर थंडच होता. मी आत शिरले. फुटलेली नळी तेव्हाच बदलली होती आणि तिचा तुकडा चौकशीआधीच भंगारात गेला होता, हे तुला माहीत आहे. पण तिच्या शेजारच्या दोन नळ्या जुन्याच आहेत. त्यांची जाडी मोजली. मागच्या बाजूला ठीक. फुंकणीच्या तोंडासमोरच्या बाजूला निम्मीसुद्धा नाही. हात फिरवला तर खळगा लागतो, चमच्याने कोरल्यासारखा. न फुंकलेल्या नळीला असा खळगा पडत नाही, दादा. तो रोज फुंकल्याने पडतो, ओल्या वाफेने. आणि चौकशीवाल्यांना दिसलेला तो काजळीचा थर म्हणजे तू सांगितलास तोच भाजलेला चिखल. तू कामचुकारपणा केला असतास तर ती नळी फुटली नसती.

मी बाहेर आले, अंगभर काळी. तोटी शोधली. वाकणाखाली, भिंतीच्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसत नाही अशी. पूर्ण बंद. दांडा तारेने आवळलेला आणि तारेला पत्र्याचा तुकडा. सगळ्यावर चंदेरी रंग फासलेला. पत्र्यावर खिळ्याने ठोकून काहीतरी लिहिलेलं होतं. नखाने रंग खरवडला.

‘बंद ठेवा, पाय घरसतो.’

मी तिथेच जाळीवर बसले. माझ्याबरोबरचा फिटर म्हणाला, “मॅडम, चक्कर आली का? पाणी आणू?” मग त्याने वाचलं आणि हसला. “कोण शिकलेला होता हो हा? घरसतो म्हणे!”

मी त्याला सांगितलं नाही.

मी तिथे तीन महिने शिकाऊ होते, आठवतं? तू आईला घेऊन दवाखान्यात होतास, तो आठवडा. पाहुणे कारखाना बघायला येणार होते. त्या तोटीखाली ओल झाली होती, माझा पाय सटकला आणि मला वाटलं, केवढी हुशारी करतेय मी. बंद केली, तार बांधली, पाटी ठोकली. दुसऱ्या दिवशी रंगारी आले. त्याच आठवड्यात पाइपवाले पण दुरुस्ती करून गेले होते, त्यामुळे टपकणं थांबलं ते त्यांच्यामुळे, असंच तुला वाटलं असणार. मी शिकून निघून गेले. सहा महिन्यांनी नळी फुटली, आणि माझ्या मनात ती तोटी एकदाही आली नाही. एकदाही नाही. याचाच मला सगळ्यात जास्त धक्का बसलाय.

नाही, त्याहून मोठा एक आहे. चौकशीच्या दिवशी जेवताना तू मला विचारलं होतंस, “तू तरी मानतेस ना, चिमणे?” मी पोळीचा तुकडा मोडत म्हणाले होते, “एखाद्या पाळीत राहिलं असेल, दादा.” तू ताट सरकवून उठलास. महिनाभराने घर सोडलंस. आणि आता तू लिहितोस की तुलाच आठवत नाही. ते मी विसरायला लावलंय तुला.

अजून एक सांगायचं राहिलंय. पाटी सापडली त्याच दिवशी साहेब आले. म्हणाले, “कशाला डोकं खाजवताय? भोंगा निवडा. ही वाफेची जुनी कटकट सोमवारी कापून भंगारात घालू.” तोटी, तार, पाटी, सगळंच गेलं असतं. मी “हो” म्हणाले. दादा, मी हो म्हणाले, आणि भोंग्याच्या कागदावर सही केली. तो कागद दोन दिवस माझ्या टेबलाच्या खणात होता. खण उघडला की तो दिसायचा, आणि त्याच्या खाली तुझं पत्र.

रविवारी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन तुझी वही काढली. पानापानावर तुझं ते उभट अक्षर. फुंकलं. फुंकलं. फुंकलं. एकही पाळी सुटलेली नाही.

सोमवारी कापणारे आले, त्यांना परत पाठवलं. सही केलेला कागद फाडला. त्या दोन नळ्या बदलल्याशिवाय बॉयलर पेटणार नाही, हे लेखी दिलं. साहेब तडकले, “तुम्ही भोंगा निवडायला आलात की भुतं उकरायला?” मी म्हटलं, “दोन्ही.” मागे भोंगा, पुढे कोरडी वाफ, ब्रश बंद. तू सांगितलंस तसंच लिहिलं.

मग बॉयलर निरीक्षकांना बोलावलं. तोटी तशीच ठेवली होती, तार सोडली नाही. त्यांनी वाकून पाटी वाचली, नळ्या मोजल्या, वही बघितली. मग विचारलं, “तोटी कुणी बंद केली, याचा पत्ता लागेल?”

“मी,” म्हटलं.

त्यांचं लिहिणं थांबलं. “बाई, विचार करून सांगा. हे मी लिहिणार आहे.”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. प्रत सोबत जोडली आहे. तिसऱ्या ओळीत तुझं काम चोख होतं असं आहे, सातव्या ओळीत मी आहे. माझं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल. उद्या पंपवाल्यांच्या घरी जाणार आहे. त्यांच्यासमोर तोंड कसं उघडायचं ते अजून कळत नाहीये. आईला काल सांगितलं. ती तुझा जुना फोटो घेऊन आतल्या खोलीत गेली.

माझ्याशी बोलायला नको येऊस. निरीक्षक गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा येणार आहेत, त्यांना तुझा जबाब नव्याने घ्यायचा आहे. त्यासाठी ये. आणि या वेळी कुणी विचारलं तर ‘असेल’ म्हणू नकोस.

तुझी,
पाय घरसलेली,
चिमणी