काम शोधणाऱ्या लेकीचं ताट

शिवकन्याच्या बाबांना,
शरणु शरणार्थ.

उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी जन्मात तुमचं नाव घेतलं नाही. पत्रात तरी कसं घेऊ? म्हणून ही अशी हाक. उद्या तुम्ही लिंगैक्य होऊन वर्ष होतंय. समाधीवर फुलं वाहायला तुमच्या बहिणी येतील, गावातले येतील. त्या गर्दीत मला तुमच्याशी धड बोलता यायचं नाही. आणि आज मी तुमच्या एका नेमात बदल केलाय. तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावा, म्हणून दिवसाचा हिशेब लिहून झाल्यावर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिते. नवा कागद घेतला असता तर तुम्हीच रागावला असता.

तुमचा नेम सगळ्या पिंगळी गावाला माहीत होता. संध्याकाळी ताटावर बसण्याआधी प्रत्येकानं आज काय काम केलं ते सांगायचं. कायक झालं तर प्रसाद, असं तुम्ही म्हणायचा. शिवकन्या एवढीशी होती तेव्हा सांगायची, पाटी पुसली, कोंबड्या हाकलल्या. तुम्ही मान डोलवायचा आणि तिच्या ताटात भाकरी पडायची. माझा भाऊ यायचा तेव्हा म्हणायचा, "दाजीच्या घरी जेवायचं म्हणजे आधी हजेरी द्यावी लागती." तुम्ही हसायचा, पण त्याच्याकडूनही शेंगा फोडून घ्यायचा!

तिला परभणीच्या कचेरीत सरकारच्या प्रशिक्षणाच्या योजनेतून काम मिळालं, तो दिवस आठवतो का? सहा महिन्यांचंच आहे, भत्ता मिळणार आहे, पगार नाही, असं ती तुम्हाला दोनदा सांगत होती. तुम्ही कुठं ऐकायला? मग पहिल्या दिवशी कामावरून आली, त्या संध्याकाळी ती आपलं काम सांगायला लागली. दाखले शोधले, नोंदी संगणकावर चढवल्या, एका म्हातारीचा अर्ज लिहून दिला. संपतच नव्हतं. तुमची भाकरी गार झाली आणि तुम्ही नुसते तिच्याकडं बघत राहिलात.

मग तुम्ही गेलात. आपल्यात सुतक नाही, म्हणून ती लगेच कामावर हजर झाली. गल्लीतल्या बाया कुजबुजल्या, बाप गेला अन् पोरगी निघाली कचेरीला. मी त्यांना काही बोलले नाही. तुम्हाला काय आवडलं असतं ते मला माहीत होतं.

सहा महिन्यांवर सरकारनं आणखी थोडे महिने वाढवून दिले, आणि एक दिवस तेही संपले. भत्ता बंद. साहेब म्हणाले, येत राहा, नवा आदेश येईल. ती बिनभत्त्याची जात राहिली. पुढं साहेबांनीच सांगितलं की आता नको येऊस, तुझ्या जागेचं आमच्या हातात काही नाही. योजनेतल्या सगळ्या पोरापोरींनी मिळून निवेदन दिलं. घरी येऊन म्हणाली, "आई, आमाला प्रशिक्षण दिलं म्हणे. कशाचं, तर घरी बसायचं." मी हसले. ती हसली नाही.

खरी गोष्ट पुढं आहे. पोरगी जेवेना झाली. माझ्या आधी ताटावर बसायची ती आता माझं झाल्यावर बसायला लागली. अर्धी भाकरी, तीही मान खाली घालून. घासलेली भांडी पुन्हा घासायची, निवडलेली डाळ पुन्हा निवडायची, आणि तेवढ्यापुरतंच खायची. दिवसभर मोबाईलवर अर्ज भरायची, कुठं कुठं मुलाखतीला जायची. मी म्हटलं, जेव गं पोटभर. तर म्हणाली, "अर्ज भरणं काय काम हाय का आई? बाबा असते तर त्यांना काय सांगितलं असतं मी?"

तुमचा राग आला मला. एवढ्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत, की जो काम मागायला जातो आणि त्याला ते मिळत नाही, त्यानं ताटावर बसायचं की नाही? तुम्हाला तरी कुठून सुचणार? मिसरूड फुटायच्या आधी कापडाच्या दुकानात लागलात, ते आजारी पडेपर्यंत थान उलगडत राहिलात. 'नाही' ऐकून घरी यायची पाळी तुमच्यावर आलीच नाही.

आज सोमवार. पूजेला बसले, इष्टलिंग तळहातावर घेतलं, पण मन लागेना. शिवकन्या परभणीला गेली होती, एका दवाखान्यात हिशेबाला माणूस पाहिजे म्हणून. दिवे लागायला परत आली. चेहऱ्यावरूनच कळलं. चप्पल काढली आणि सरळ धुतलेल्या भांड्यांपाशी जाऊन बसली.

मी तिचा हात धरला, ताटावर बसवलं. विचारलं, "आज काय काम केलंस?"

"काई न्हाई."

"उन्हात गेलीस. बाहेर बसवून ठेवलं तेवढा वेळ बसलीस. नाही म्हणाले ते ऐकून घेतलंस, आणि उद्याच्या जागेची चौकशी करून आलीस. हे काम न्हाई तर काय हाय?"

मग मी तिला तुमचं शेवटचं आजारपण सांगितलं. दुपारी ती कचेरीत असायची, तुमचं दुपारचं जेवण तिनं पाहिलं नव्हतं. तुमचा हात उचलत नव्हता. मी घास धरला की तुम्ही तोंड फिरवायचा. मला कळायचं, आज काय केलं म्हणून जेवू, असं तुम्ही विचारताय. मी म्हणायचे, आज दुखणं सोसलंत ना, तेच आजचं कायक.

तिनं विचारलं, "मंग जेवले का बाबा?"

"जेवले. रोज जेवले."

तिनं ताट जवळ ओढलं. मग पहिला घास घेतला. रडत रडत खाल्लं हो तिनं, पण खाल्लं. आणि एक भाकरी झाल्यावर ताट पुढं सरकवलं, "ठेचा हाय का आई आणखी?"

तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं ना? की नेमाचा हट्ट धरून बसला असता? नाही, शेवटी तुम्हीही माझ्या हातचा घास घेतलातच.

उद्या समाधीवर कुणी विचारलंच, पोरीचं काय झालं, तर खाली बघून बोलणार नाही मी. लेक काम शोधायलीय, असं सगळ्यांसमोर सांगेन. तुमचा नेम चालूच राहील. पण सरकारनं हात काढून घेतला तरी या चुलीचा हात तिच्यावरून निघणार नाही. तिला काम लागेपर्यंत रोज पहिलं ताट तिचं, आणि तेही भरलेलं. हा शब्द तुमच्या पायाशी ठेवते.

तुमची,
महानंदा